आठ दिवसांसाठी उसना कुकर

६ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद. आई, हे आणि मी, तिघंही आहोत तशी आहोत. तुझं पत्र मंगळवारी हाती आलं. पातेलं जळल्याची बातमी भाऊजींपर्यंत आठ दिवसांत पोचली म्हणायची. ह्यांच्या बढतीची पोचायला दीड महिना लागला होता.

झालं ते एवढंच. घेवडा शेगडीवर होता, पाणी आटलं, दाण्यांचा कोळसा झाला आणि शेजारचं फडकं पेटलं. ओट्यामागची भिंत हातभर काळी झाली. मी माळ ओढत बसले होते, लक्ष नव्हतं. "देव देव करता करता घर पेटवशील," असं हे म्हणाले. मी ऐकून घेतलं. पातेलं तीन दिवस घासलं. बुडाचा डाग काही हटत नाही, पण गळत नाही म्हणून ठेवलंय.

आता तू म्हणतेस, कुकर घ्या. घाबरण्यातली मी नाही, मॅट्रिकला विज्ञानात मला बासष्ट मार्क होते. पण घरात नवीन माणूस येवो की वस्तू, आधी चार प्रश्न विचारावेत. तेव्हा सांग: रबर किती महिने टिकतं? शिट्टीचं भोक बुजलं तर बाहेरून कळतं कसं? आणि मधेच झाकण काढून दाणा दाबून बघता येतो का? हा शेवटचा प्रश्न आईंचा आहे.

वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई लेकीकडे चालल्यात, आठ दिवस. त्यांचा कुकर वापरून बघा म्हणाल्या. मी किराणावाल्याकडून टांगायचा काटा आणणार आहे. रोज संध्याकाळी गॅसची टाकी वजन करीन. आठ दिवस पातेलं, आठ दिवस कुकर. मग बोलू.

भाऊजींना सांग, भिंतीला चुना मारून झाला.

तुझी
थोरली

*

१४ फेब्रुवारी

थोरल्या जाऊबाईंना नमस्कार, आणि आईंच्या पायांवर डोकं.

तुमचं पत्र मी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. हे दाढी करता करता ऐकत होते. "टाकी वजन करीन" याला इतके हसले की हनुवटीला कापलं. ते रक्त तुमच्या नावावर मांडा.

उत्तरं घ्या. रबर वर्षभर तरी टिकतं, धुऊन पुसून वेगळं ठेवलं तर दोन वर्षंही. भोक रोज पाण्याच्या धारेखाली धरून बघायचं, पाणी पार गेलं की बरोबर. मधे झाकण काढता येत नाही. काढू म्हटलं तर दाणा दाबायला आपण शिल्लक राहू असं नाही. आमच्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत या कुकरचा थोरला भाऊ आहे, त्यात आम्ही काचेच्या नळ्या उकळतो. नऊ वर्षं मी त्याच्या शेजारी उभी आहे आणि अजून धडधाकट आहे. दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करा आणि वाफ आपोआप उतरू द्या. एवढं पाळलं की तो गाईहून गरीब.

आता जरा खरं बोलते. ह्यांना झोप नाही. "वहिनी पन्नाशीच्या पुढे गेल्या, त्यांचं लक्ष उडायला लागलं, आणि त्या घरात आई आहे," हे रोजचं. पुन्हा असं काही झालं तर आईंना इकडे आणायचं, असं दोघा भावांचं फोनवर ठरलंय. तुम्हाला मोठ्या भाऊजींनी सांगितलं नसणार म्हणून मी सांगते. मी आईंना नको म्हणत नाही. पण आमचा तिसरा मजला, आम्ही दोघं आठाला बाहेर पडतो ते साडेसहाला परत. दिवसभर त्या कुणाशी बोलणार? नळाशी?

म्हणून कुकर घ्या. टाकी काय वजन करायची ती करा, पण घ्या.

तुमची
धाकटी

*

१ मार्च

धाकटे,

आशीर्वाद. ठरल्याप्रमाणे सोळा दिवस पुरे झाले. काट्याच्या कडीला टाकी अडकवायला दोन माणसं लागतात. रोज संध्याकाळी हे एका बाजूने धरत आणि "पुढच्या जन्मी हमाल होईन, निदान पैसे मिळतील" असं म्हणत.

पातेल्यात घेवडा शिजायला मंद आचेवर सव्वादोन ते अडीच तास. कुकरमध्ये वाफ उतरण्यासकट पस्तीस मिनिटं. वाटाण्यांचंही तसंच. आठ दिवसांत गॅस वाचला पाऊण किलोच्या वर, किलोच्या किंचित आत. दाणा फुटत नाही, मऊ मात्र सगळीकडून सारखा होतो. शिट्टीला मी पहिल्या दिवशी दचकले, दुसऱ्या दिवशी नाही. भोकाची धार रोज बघितली. वस्तू चांगली आहे. शिंपीणबाईंना घासून पुसून परत दिली.

तरी तूर्त घेत नाही. चव थोडी वेगळी लागते. शिवाय ओट्यावर जागा कमी आहे, आणि उन्हाळा तोंडावर आलाय. मग बघू.

आई बऱ्या आहेत. मधे चार दिवस जरा गप्प होत्या, आता बोलतात. हवा बदलली की होतं.

आईंना हलवायचं जे चाललंय ते तू सांगितलंस, बरं झालं. ह्यांच्यापाशी मी विषय काढलेला नाही.

तुझी
थोरली

*

९ मार्च

जाऊबाई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा मोठ्याने, एकदा मनात. दोन्ही वेळा कळलं नाही.

वेळ वाचतो, गॅस वाचतो, दाणा मऊ होतो, स्फोट होत नाही, असं तुम्हीच लिहिता. आणि खाली लिहिता, घेत नाही. चव? तुम्ही? बावीस वर्षांत तुम्ही गरम जेवलेलं मी बघितलं नाही, आणि तुम्हाला चव आडवी आली! ओट्यावर जागा नाही म्हणता, तर कुकर पातेल्याच्याच जागी बसतो. उन्हाळ्यात तर अडीच तास शेगडी पेटती ठेवायला नको म्हणूनच लोक तो घेतात.

मला वाटतं ते सांगून टाकते. मी कमावते आणि तुम्ही घरी असता, हे तुमच्या मनात कुठेतरी आहे. आईंसाठी पाठवलेली शाल तुम्ही वर्षभर पेटीत ठेवलीत, "पुढच्या थंडीत वापरू" म्हणून. धाकटीचं काही घरात यायला नको, असं असेल तर तसं सांगा. चवीवर ढकलू नका.

कुकर मी घेऊन टाकलाय. पाच लिटरचा. मोठ्या भाऊजींच्या वखारीत लाकडाचा ट्रक नेणाऱ्या ड्रायव्हरकडे देतेय, तो घरपोच देईल. परत पाठवलात तर मी समजायचं ते समजेन.

धाकटी

*

२ एप्रिल

धाकटे,

आशीर्वाद. ड्रायव्हर खोकं देऊन गेला त्याला पंधरा दिवस झाले. खोकं पलंगाखाली आहे, दोरी सोडलेली नाही. परतही पाठवलेलं नाही. पत्राला उशीर झाला, कारण मी तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली.

शालीचं आधी. ती मी जपून ठेवली होती. चांगल्या वस्तूला हात लावायची मला सवय नाही, एवढंच. या थंडीत आई रोज पांघरत होत्या.

आता पातेल्याचं. त्या दिवशी मी माळ ओढत बसले नव्हते. मी घरातच नव्हते. पाणीपट्टी भरायच्या रांगेत होते. आईंना सांगून गेले होते, अर्ध्या तासात येते. लागला दीड तास. परत आले तर जिन्यात धूर. आत आई त्यांच्या स्टुलावर बसलेल्या, हातात पळी, समोर फडकं पेटलेलं. मला बघून म्हणाल्या, "आज धुकं फार पडलंय, नाही?" मी फडक्यावर बादली ओतली, खिडक्या उघडल्या. संध्याकाळी ह्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं की मी जाळलं. पाठीमागे आई ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना आठवत होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही.

मी आयुष्यात फार खोटं बोललेले नाही. हे बोलले आणि त्याच्यामागून सगळं आलं: भाऊजींची काळजी, तुझं पत्र, शिंपीणबाई, काटा. माझ्या लबाडीवर तू खर्च केलास.

तू म्हणशील, मग तर कुकर हवाच. मलाही तसंच वाटलं होतं. ते आठ दिवस मी तुला अर्धेच कळवले. पातेलं असतं तेव्हा सकाळी नवाला आई वेणी घालून स्वयंपाकघरात येतात. फेस काढतात, वरून गरम पाणी घालतात, दाणा चिमटीत दाबून बघतात, आच कमी कर म्हणून मला झापतात. हे त्यांचं काम. साठ वर्षांचं. बाकी सगळं सुटत गेलं, सुई, भाजी चिरणं, शेजारी जाणं. हे राहिलं. कुकरच्या पहिल्या दिवशी पस्तीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, "झालं?" दुसऱ्या दिवशी बंद झाकणासमोर पळी घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आत काय चाललंय ते बाहेरच्याला कळायचं कसं?" पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात आल्याच नाहीत. सहाव्या दिवशी दोनदा विचारलं, आपण जेवलो का. आठव्या दिवशी वेणी घातली नाही, भिंतीकडे तोंड करून पलंगावर बसून होत्या. नवव्या दिवशी मी ते डागाळलेलं पातेलं चढवलं. झाकणाचा आवाज ऐकून आल्या आणि म्हणाल्या, "आच केवढी ठेवलीस! जाळणार आहेस का?" चार दिवसांतलं त्यांचं ते पहिलं धड वाक्य.

वजनकाट्यावर हे येत नाही. म्हणून मी चव लिहिलं.

आता मी रोज त्यांच्या मागे भिंतीला टेकून बसते, अडीच तास. बाहेर कुठे जात नाही. त्यांना वाटू नये की राखण चाललीय, म्हणून हातात माळ धरते. त्या माळा मी वहीत मांडत होते. मागच्या आठवड्यात विचार केला, बोटं मण्यांवर आणि डोळा पातेल्यावर, हा कसला जप? देवाच्या मापात मारल्यासारखं झालं. साडेतीनशेच्या वर माळा खोडून टाकल्या.

पुन्हा होणार नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. मी मागे बसलेली असते, एवढंच सांगू शकते. हे भावाभावांना कळलं तर ते आईंना शेगडीपाशी फिरकू देणार नाहीत, नाहीतर तुझ्याकडे आणतील, आणि त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येणार नाही. म्हणून हात जोडून सांगते, यातलं एक अक्षर भाऊजींना कळू देऊ नकोस.

तुझी
थोरली

*

९ एप्रिल

जाऊबाई,

फार वाईट झालं. तुमचं पत्र मी मोठ्याने वाचलं. ह्यांनी बुटाला पॉलिश करता करता ऐकलं. "कळू देऊ नकोस" हे वाक्य पाचव्या पानाच्या तळाशी होतं. तोपर्यंत ह्यांचा एक बूट झाला होता आणि दुसऱ्याला हात लागला नव्हता.

तुम्ही महत्त्वाचं सगळ्यात खाली का लिहिता हो, बेरजेसारखं? आणि मी आधी मनात का वाचत नाही? निम्मी चूक तुमची, निम्मी माझी. तुम्ही तुमची निम्मीही उचलाल, तुम्हाला सवय आहे. पण ही मी देणार नाही.

हे उठले. तसेच एका चकचकीत आणि एका मळक्या बुटाने कामावर गेले. संध्याकाळी म्हणाले, "शनिवारी दादाला वखारीत फोन करतो. हे त्याला माहीत असायला हवं." मी भांडले. म्हटलं, वहिनींनी विश्वासाने लिहिलंय. तर म्हणाले, "मग त्यांनाच सांगू दे. शनिवारपर्यंत थांबतो. त्याच्या पुढे नाही."

हे पत्र तुम्हाला गुरुवारी मिळेल. एक दिवस हातात आहे. माझ्या हातून याहून जास्त झालं नाही.

आणि त्या पत्रात मी जे लिहिलं, धाकटीचं घरात नको वगैरे, ते गिळते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पाणी उकळता येत नव्हतं. आईंनी मला त्याच स्टुलाच्या बाजूला उभं केलं होतं. महिनाभर फक्त फेस काढायला दिला. मी तेव्हा रडले होते, की मला मोलकरीण समजतात. ते काम देणं होतं हे मला तुमचं पत्र वाचून कळलं.

काय होईल ते लगेच लिहा.

धाकटी

*

२८ एप्रिल

धाकटे,

अनेक आशीर्वाद, आणि या वेळी महत्त्वाचं वरती लिहिते: आई इथेच आहेत. आता बाकीचं बसून वाच, मोठ्याने वाचलंस तरी चालेल.

पत्र गुरुवारी मिळालं. शुक्रवारी दिवसभर मी वाक्य जुळवत होते. रात्री हे जेवायला बसले. मी वाढत होते. आई समोर, नेहमीच्या जागी. मी तोंड उघडणार तोच आई म्हणाल्या, "आज दोन्ही पदार्थांत मीठ दुप्पट आहे. काय पोटात आहे ते बोल एकदाचं, नाहीतर उद्या साखर पडेल."

मी म्हटलं, "ते पातेलं..."

"ते मी जाळलं," आई म्हणाल्या. "हिने अंगावर घेतलं. मी गप्प बसले. गप्प बसायला बरं वाटलं."

ह्यांचा घास हातात राहिला. "आई, तुला आठवतंय?"

"कधी आठवतं, कधी नाही. विसरते मी, वेडी नाही झाले."

"मग पुन्हा झालं तर?" हे म्हणाले. आवाज चढवला नाही, ते मला जड गेलं.

"ही बसते ना मागे. माळ टकाटक चालू असते हिची. थांबली की समजावं, पाणी आटलं. मग मी घालते."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे. मला वाटत होतं, मी चोरून बघते. माझ्या माळेचे मणी वखारीतल्या लाकडाचे, सुपारीएवढे. बाई ऐकत होती. फक्त मी घरात नव्हते त्या दिवशी त्यांना ऐकायला काही नव्हतं.

"आणि धाकट्याकडे मी जाणार नाही," आई म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावरून खाली बघून बघून मान दुखते. आणि ती नळ्या उकळते, मला त्यातलं काही कळत नाही." तुझा राग नाही हो त्यात, जसं बोलल्या तसं लिहिलं.

हे उठले, हात धुतले, बाहेर ओसरीवर जाऊन बसले. मी भांडी घासून गेले तेव्हा म्हणाले, "मी तुला जे बोललो होतो, देव देव करता करता..." मी म्हटलं, "ते केव्हाच ऐकून झालं."

शनिवारी भाऊजींचा फोन आला तो वखारीतल्या हिशेबनिसाने घेतला आणि तिथेच उभा राहिला, म्हणून मला कळलं. हे म्हणाले, "मला सांगितलं तिनं. आई इथेच राहील. तिला इथे काम आहे." पलीकडून भाऊजी बराच वेळ बोलत होते म्हणे. हे "हो" म्हणाले, "ते बरोबर" म्हणाले, आणि शेवटी पुन्हा म्हणाले, "तिला काम आहे."

काही नियम घातलेत. मी बाहेर पडले की टाकीचं बटण बंद आणि शेगडीवर काही नाही. रांगेचं काम आता हे करतात, वखारीत जायच्या आधी. एकदा उभे राहिले आणि घरी येऊन म्हणाले, "तू हे वीस वर्षं करत होतीस?" भाऊजींना सांग, त्यांचा धाक अगदीच वाया गेला नाही.

कुकरची दोरी सोडली. संध्याकाळचं सगळं त्यातच. संध्याकाळी आई थकलेल्या असतात, त्यांना त्या भांड्याशी घेणंदेणं नसतं. शिट्टी झाली की आतून ओरडतात, "गप बस गं!" वाचलेल्या वेळात मी ओसरीवर जप करते, पातेल्याकडे न बघता. तू म्हणत होतीस, घेण्यासारखा आहे. आहे. पाच लिटरचा आम्हाला जरा मोठा आहे.

सोमवारी ह्यांनी वखारीतून एक बाक आणला. दोन माणसांचा, ओट्याच्या उंचीला बेताचा. स्वतः रंधा मारलाय, एक पाय किंचित आखूड आहे, खाली पुठ्ठा घातलाय. स्टूल पलीकडे ठेवलं. आता मी मागे बसत नाही, शेजारी बसते. आई फेस काढतात, मी वाटाणे निवडते. बोलणं चालतं. त्या एकच गोष्ट तीनदा सांगतात, तिन्ही वेळा शेवट वेगळा.

परवा पळी हलवता हलवता थांबल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुम्ही कुणाच्या?"

मी म्हटलं, "तुमची थोरली."

बराच वेळ बघत राहिल्या. मग पळी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मग बघत काय बसलीस? पाणी घाल."

मी घातलं.

तुझी
थोरली